नायट्रो बग्गी आणि बारा क्विंटल कापूस

भंगारवाल्याला जुने पंप देऊन दुकानातली जागा मोकळी करायची, एवढंच सुरेंद्रने त्या सकाळी ठरवलं होतं. जैनथला बसथांब्याजवळ त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आणि दुकानाच्या भिंतीला पाठ टेकून घर. बारा वर्षांत मेलेल्या पंपांचा कोपऱ्यात डोंगर झाला होता. भंगारवाल्याने तो उचलला आणि सुरेंद्रच्या हातावर चौदा हजार ठेवले. या पैशांची घरात कोणालाच खबर नव्हती. आणि ज्या पैशाची बायकोला खबर नसते, तो पैसा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

सुरेंद्रला तर मुळीच बसू देईना. दिवाळीनंतर मुलीला, मयूरीला, बासरच्या कॉलेजात सोडायला गेला असताना त्याने मैदानावर एक चीज पाहिली होती. हातभर लांबीची मोटारगाडी. चार जाड चाकं, मागे पंख, आणि पोटात खरंखुरं इंजिन. एक पोरगा लांब उभा राहून रिमोटने ती पळवत होता आणि गाडी निळा धूर सोडत, गांधीलमाशीसारखी किंचाळत मातीतून उड्या मारत होती. तिला नायट्रो बग्गी म्हणतात असं कळलं. मयूरीचं सामान खोलीवर पोचलं, तिचे डोळे भरून आले, तिने बापाच्या पायाला हात लावला, तेव्हा बापाचं अर्धं लक्ष मैदानाकडे होतं. (याबद्दल त्याला पुढे वाईट वाटलं. पण पुढे.)

तर चौदा हजार. हैदराबादच्या एका दुकानाला फोन केला. नवीन बग्गीचा आकडा ऐकून त्याने रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला. दुसऱ्या दुकानदाराने बॅटरीवाली घ्या, पहिल्यांदा घेणाऱ्याला तीच बरी, धूर नाही, कटकट नाही, असं समजावलं. सुरेंद्रला तो अपमान वाटला. वीस वर्षं इंजिनं खोलणाऱ्या माणसाने सेलवरची गाडी खेळायची म्हणजे पहिलवानाने पाळणा हलवण्यासारखं होतं.

शेवटी मोबाईलवरच्या जाहिरातीत नागपूरचा हर्षदीप सापडला. नोकरीसाठी हैदराबादला चालला होता आणि आपल्या दोन जुन्या बग्ग्या विकत होता. एक मोठी, ताकदीची, पण ती सुरू करायला स्टार्टरची वेगळी पेटी लागते आणि ती पेटी त्याच्याकडे नव्हती. दुसरी लहान, दोरी ओढून सुरू होणारी, रिमोटसकट. पोरगा सरळ होता. म्हणाला, काका, पहिलीच आहे तर लहान घ्या, तिचे भाग मिळतात. सुरेंद्रने विचारलं, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालेल ना. मग हर्षदीपने, लहान मुलाला सांगावं तसं, हिचं इंधन निराळं असतं आणि ते मीच डबाभर देतो असं सांगितलं. आणखी एक सांगितलं. सिग्नल तुटला तर गाडी आपोआप थांबवणारा एक भाग असतो, फेलसेफ. तो माझ्या गाडीत नाही. दीड हजारात बसवून देतो, आणि गाडीतल्या सेलच्या जागी चांगली बॅटरीही.

सुरेंद्रने हिशेब लावला. गाडी, इंधन, प्लग तापवायचं साधन यातच चौदा हजार संपत होते. "राहू दे ते," तो म्हणाला. "मी मेकॅनिक हावो."

ही बोलणी पंधरा दिवस चालली, रोज दुपारी, दुकानात, फोन स्पीकरवर ठेवून, कारण हातात कुणाचा तरी पंप असायचा. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये विटेची एकच भिंत होती आणि तिच्या वरच्या अंगाला झरोका होता. रंजीता, म्हणजे त्याची बायको, झरोक्याखाली भाकरी थापायची. पहिल्या दिवशी तिच्या कानावर एवढंच आलं की बग्गी ठरवायची आहे. दुसऱ्या दिवशी, घरी कोणाला सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा विचारत होता, ती एका टायमाला किती पेते, आणि चार लोकांत बंद पडली तर आपली इज्जत जाईल.

माघ लागला होता. गावात रोज कुणाच्या तरी दाराला मांडव पडत होता. या दिवसांत माणूस बग्गी ठरवतो ती कशासाठी, हे जैनथमध्ये कोणीही सांगेल. पिणारी ती बग्गीची घोडी, हेही उघड होतं. नवरदेव बग्गीत बसून येणार. आणि या घरात लग्नाची मुलगी एकच होती.

रंजीताची भाकरी तव्यावर करपली. सुरेंद्रची थोरली बहीण दोन वर्षांपासून आपल्या दिराच्या मुलाचं, राजकुमारचं, स्थळ पुढे रेटत होती. मयूरीने शिकणं पुरं झाल्याशिवाय नाही म्हणून सांगितलं होतं. सुरेंद्रही तेव्हा मान हलवून हो म्हणाला होता. पण तो बहिणीसमोरही मान हलवूनच हो म्हणायचा. रंजीताने नवऱ्याला काही विचारलं नाही. एकोणीस वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं की विचारलं की तो खोटं बोलतो आणि त्याला ते जमत नाही, मग दोघांचाही दिवस जातो. तिने नार्नूरला वडिलांना फोन लावला, मग बासरला मुलीला. आणि पुढचे दिवस झरोक्याखाली कान लावून, एकही शब्द न सोडता उभी राहिली. इंजिन, नळी, इंधन असे शब्द मधूनमधून येत, ते तिने नवऱ्याच्या हातातल्या पंपाचे म्हणून धरले.

रविवारी हर्षदीप हैदराबादला जाताना पैनगंगेच्या पुलाअलीकडे थांबला. सुरेंद्रने खोकं घेतलं, पैसे दिले, चालवण्याच्या सूचना मान डोलवत ऐकल्या आणि दुचाकी घराकडे पळवली. बायको दुपारी शेजारी पापड लाटायला जाणार होती, अंगण मोकळं असणार होतं.

अंगणात बाजेवर सासरे बसले होते. यशवंतराव नार्नूरहून दोन बस बदलून आले होते आणि टोपी काढून मांडीवर ठेवली होती. ते टोपी काढत ती भांडणापूर्वी, हे सुरेंद्रला माहीत होतं. बाजूला मयूरी, पाठीवरची बॅग तशीच. दारात रंजीता. सापडलो, त्याला वाटलं. एका खेळण्यासाठी सासऱ्याला बोलावलं म्हणजे आता खैर नाही.

"जवाईबापू," यशवंतराव म्हणाले, "बग्गी ठरवली म्हनते तुमी."

"ठरवली होती मामाजी. आता घेऊनच आलो."

"पैसे?"

"देल्ले."

यशवंतरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं. "पोरीले इचारलं का?"

"तिले काय इचाराचं? ती तं बासरले राह्यते." सुरेंद्रला ही चौकशी थोडी जास्तच वाटली. "माह्या हौसेची गोष्ट हाय, मामाजी. मी कोणाले तरास देऊन नाई राह्यलो."

मयूरी उठून उभी राहिली. तिचे शब्द पाठ केल्यासारखे नीट होते. माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, मी येणार नाही, बसणार नाही, आणि मला ओढून बसवलं तर मी तिथून उठून जाईन, असं ती म्हणाली.

"तुले कोन बसाले सांगते?" सुरेंद्र गोंधळून म्हणाला. "त्याच्यात माणूस मावत नाई."

मग त्याने खोकं जमिनीवर ठेवलं, दोरी सोडली आणि लाल रंगाची हातभर बग्गी काढून अंगणाच्या मधोमध ठेवली. मयूरी मटकन बाजेवर बसली. यशवंतराव वाकून त्या वस्तूकडे पाहत राहिले. रंजीताच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, आणि ती सुटका तीन-चार श्वासांत रागात कशी बदलली ते सुरेंद्रने समोरून पाहिलं. ती एकच वाक्य बोलली. "चौदा हजार."

अशा वेळी शहाण्या माणसाने खोकं बंद करून गावात चक्कर मारून यावी. सुरेंद्रला मात्र वाटलं, एकदा पळताना पाहिली की यांचं मन वळेल. हर्षदीपने बजावलं होतं की जागा मोकळी हवी आणि सेल नवे हवेत. जागा म्हणजे हे अंगण. सेल त्याने टॉर्चचे दोन आणि भिंतीवरच्या घड्याळातून व टीव्हीच्या रिमोटमधून काढलेले दोन असे जुळवले. इंधन भरलं, प्लग तापवला, दोरी ओढली. चौथ्या ओढीला इंजिन पेटलं आणि बासरच्या मैदानावर आला होता तोच गोडसर, कडवट वास अंगणभर पसरला.

पहिली फेरी हळू गेली. दुसरी तुळशीला वळसा घालून आली. यशवंतराव नकळत पुढे सरकून बसले. तिसऱ्या फेरीला सुरेंद्रने रिमोटचा खटका पूर्ण दाबला, बग्गी किंचाळत सुटली, आणि त्याने बोट काढलं तरी ती किंचाळतच राहिली.

त्याने रिमोटवरचं चाक डावीकडे फिरवलं. बग्गी सरळ गेली. उजवीकडे फिरवलं. ती सरळ गेली, बादलीला धडकून वळली, यशवंतरावांच्या पायाखालून निघाली (त्यांनी साठीनंतर प्रथमच दोन्ही पाय एकदम उचलले) आणि ओसरीकडे तोंड करून धावली. ओसरीत यंदाचा कापूस होता. तीन एकरांचा, बारा क्विंटल, आढ्यापर्यंत. भाव वर चढेल म्हणून थांबवलेला. मयूरीचं पुढचं वर्ष त्यातच होतं.

पायरीवर चाक आपटलं, गाडी हवेत उडाली आणि ढिगात जाऊन उलटी रुतली.

इंजिन थांबलं नाही. चारही चाकं वर, पूर्ण वेगाने फिरत होती, पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखा कापूस उडवत होती, आणि ओसरी पांढरी होऊन दिसेनाशी झाली. त्या पांढऱ्यात खाली कुठेतरी तापून निळी झालेली धुराची नळी कापसाला टेकली होती. कापूस जळल्याचा वास येऊ लागला. तो वास या भागात कोणाला ओळखावा लागत नाही. मयूरी पाण्याकडे पळाली. यशवंतराव काठी शोधत होते. आणि वीस वर्षांचा मेकॅनिक सुरेंद्र जागच्या जागी उभा राहून रिमोटचा खटका दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

रंजीताने पदर तोंडावर घेतला आणि ओसरीत शिरली. तिने मागच्या पंखाला धरून बग्गी उपसली, उलटी-सुलटी करून पाहिली आणि टाकीतून निघणारी बारीक नळी दोन बोटांच्या चिमटीत धरली. इंजिन एकदम आणखी जोरात ओरडलं. सुरेंद्रने डोळे मिटले. मग एक उचकी आली आणि शांतता झाली.

"बंद कराची असन तं नळी दाबा," रंजीता म्हणाली. तिच्या केसांत कापूस होता. "तो नागपूरचा पोरगा तीनदा सांगे. मले इथं भाकरी टाकता टाकता ऐकू आलं."

काळवंडलेला गोळा यशवंतरावांनी उपसून बादलीत बुडवला. पण कापूस आतल्या आत धुमसतो. रात्री झोपावं आणि सकाळी घर नसावं असं झालेलं त्यांनी पाहिलं होतं. म्हणून चौघांनी मिळून सगळा ढीग हातांनी अंगणात काढला, पुंजका पुंजका उकलून, नाकाला लावून. उन्हं कलेपर्यंत ते काम चाललं. लग्नाचा सगळा घोळ सुरेंद्रला तेव्हा, तुकड्या-तुकड्याने, सासऱ्याकडून कळला, आणि आगीपेक्षा तेच जास्त लागलं.

"तुले खरंच वाटलं का मयू," तो हळूच म्हणाला, "मी तुले न इचारता लगन ठरवीन म्हनून?"

मयूरी पुंजका उकलत राहिली. "तुमी आईले न इचारता बग्गी आणली ना, बाबा."

सुरेंद्रने त्याच वेळी, सगळ्यांसमोर, बहिणीला फोन लावला आणि राजकुमारच्या स्थळाला नाही म्हणून सांगितलं. मान न हलवता. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला, तो त्याने उभ्याने ऐकून घेतला. रंजीताने चहा ठेवला आणि पहिला कप त्याला दिला. ठिणगी कुठे सापडली नाही. कापूस पुन्हा ओसरीत गेला, यशवंतरावांनी टोपी घातली, आणि मयूरी सकाळच्या बसने बासरला गेली. कालची गोष्ट तिच्याआधीच बसथांब्यावरून गावोगाव गेली होती.

दुसऱ्या दिवशी सुरेंद्रने दुकान उघडलं तर दारात जुनं गिऱ्हाईक डोमाजी उभा. दोन कोसांवरून पंप खांद्यावर घेऊन आला होता. पंप सुरू होतो पण बंदच होत नाही, अशी त्याची तक्रार होती. सुरेंद्रने बरं वाटून हात पुढे केला. आपल्या हातचं काम, आपलं दुकान. डोमाजीने पंप खांद्यावरून उतरवला, पण पट्टा काही सोडला नाही. त्याने सुरेंद्रच्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं.

"वहिनी नाईत काय घरी?"

"नदीवर गेली. काऊन?"

"काई नाई," डोमाजी म्हणाला आणि पंप पुन्हा खांद्यावर चढवला. "येतो मंग मी, त्या आल्यावर."