पाचवा 'का'

साक्षीचा लॅपटॉप आठवड्यात तिसऱ्यांदा मध्येच बंद पडला, तेव्हा धम्मपालने फ्रिजवर एक कागद चिकटवला. भोसरीच्या ज्या कंपनीत तो वीस वर्षं मेंटेनन्सला होता, तिथे मशीन बंद पडलं की असा कागद भरायची पद्धत होती. बिघाड का झाला, ते का झालं, ते तरी का, असं पाच वेळा विचारायचं, म्हणजे पाचव्या 'का'ला खरा गुन्हेगार हाती लागतो. धम्मपालने चार 'का' झटपट भरले. बंद पडला, कारण तापला. तापला, कारण हवा कोंडली. हवा कोंडली, कारण आत कचरा. कचरा, कारण निष्काळजीपणा. मग 'ऑपरेटर' या रकान्यात त्याने 'साक्षी' लिहिलं आणि 'तपासले' पुढे सही ठोकली. पाचवा 'का' कोराच राहिला.

कोरा राहिला, कारण त्याचं उत्तर त्याला पाठ होतं. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी साक्षी कॉलेजला आणि बायको रश्मी बालवाडीवर कामाला गेली, की धम्मपाल लेकीचा लॅपटॉप काढी, पलंगावर गोधडीवर ठेवी आणि गेम खेळत बसे. गेम कारखान्याचा होता. आठ तास कारखान्यात राबणारा माणूस उरलेल्या वेळात कारखानाच चालवतो, हे सांगायचं कुणाला आणि कुठल्या तोंडाने? पण या कारखान्यात तो मालक होता, आणि तिथे सुट्टीचा अर्ज त्याच्याकडे येत असे.

साक्षीने कागद वाचला. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सॉरी पप्पा. मी आता टेबल रोज पुसत जाईन." सोमवारी तळवड्याच्या एका कंपनीत तिची ऑनलाइन मुलाखत होती, आणि लॅपटॉप मध्येच कधीही मान टाकत होता. खरं बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून धम्मपालने निदान लॅपटॉप दुरुस्त करायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने तो डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेला. लेथवरचा चुरा उडवायला कॉम्प्रेसरची एअर गन असते, तिच्यापुढे लॅपटॉपची धूळ ती काय! सोबतचा सोनबा म्हणाला, "दादा, प्रेशर जरा कमी करू का?" वीस वर्षांच्या अनुभवाला असं विचारू नये. धम्मपालने खटका दाबला. आतला पंखा किंचाळला, काहीतरी टक्क करून तुटलं, आणि हवेमागून तेलकट पाण्याची पिचकारी आली. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतून साचणारं पाणी रोज सकाळी काढायचं असतं. ते काम धम्मपालचंच होतं, आणि तो आठवडाभर ते विसरला होता.

शनिवारी बापलेक पिंपळे सौदागरला मिनलच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. वाटेत धम्मपालने एअर गनची कबुली दिली. तेवढं सोपं होतं, कारण त्यात निदान लेकीसाठी धडपड दिसत होती. मिनलने पंखा बदलला, पाणी टिपलं आणि चिमट्याने आतून कापसाचे लाल पुंजके ओढून काढले. धम्मपालने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्याच्या गोधडीचा काठ लाल होता.

"आता लोड देऊन बघते," मिनल म्हणाली. "यात जड काय आहे?" तिने शोधलं आणि हसली. "हा गेम आहे की. सहाशे तास खेळलाय कुणीतरी."

"मी गेम खेळत नाही," साक्षी म्हणाली.

पडद्यावर कारखाना उघडला. धुराडी, ट्रक, आणि फाटकावर ठसठशीत पाटी: 'साक्षी इंजिनिअरिंग वर्क्स'. मिनलने एकदा पाटीकडे, एकदा पावतीवरच्या नावाकडे आणि एकदा साक्षीकडे पाहिलं. "नाव तर तुमचंच आहे, मॅडम."

साक्षीचा चेहरा लाल झाला. धम्मपालला कळलं, आपण गप्प बसलो तर सुटलो. पुरावा पक्का होता, आणि कागदावर ऑपरेटरचं नावही तेच होतं. त्याने घसा खाकरला. कंपनीतल्या ऑडिटलाही त्याचे कान एवढे तापले नव्हते.

"मालक मी आहे," तो म्हणाला. "पाटी तिच्या नावाची लावली, एवढंच. ती लॅपटॉप टेबलावरच ठेवते. गोधडी माझी."

परतीच्या बसमध्ये लॅपटॉप मांडीवर धरून साक्षी खिडकीबाहेर बघत होती, आणि धम्मपाल आपल्या चपला बघत होता.

घरी येताच त्याने पेन घेतलं. पाचव्या 'का'पुढे 'पप्पा' लिहिलं, ऑपरेटरच्या रकान्यातलं 'साक्षी' खोडून स्वतःचं नाव घातलं, आणि 'तपासले' पुढची आपली सही खोडून तो आंघोळीला गेला. बाहेर यायला त्याने पाऊण तास लावला.

परत आला तेव्हा रश्मी फ्रिजसमोर कागद वाचत उभी होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. 'उपाय' या रिकाम्या रकान्यात साक्षीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'लॅपटॉप टेबलावर ठेवणे. सोमवारी मुलाखत होईपर्यंत कारखान्याला सुट्टी. नंतर चालू ठेवण्यास हरकत नाही; ओव्हरटाइम बंद.'

त्याखाली 'तपासले' पुढे तिची सही होती, आणि सहीखाली हुद्दा: मालकीण.