मशीनला न दिसणारं पाणी

“मॅडम, मशीन में सीधा आरओ का पानी मत डालना. इतना साफ पानी इसके सेन्सर को दिखता ही नहीं. सादे फिल्टर का डालना!” फ्रीगंज बाजारातल्या दुकानदारानं कॉफी मशीन देताना बजावलं होतं.

मी चक्क हसले! अहो, दोन वर्षांच्या लेकीची, देवश्रीची, खेळणीसुद्धा उकळून देणारी बाई मी. पाणी जास्त शुद्ध आहे, ही काय तक्रार झाली?

रविवारी सकाळी श्रीधरकाका आले. सासऱ्यांचे जुने दोस्त. प्रतिभाकाकू लेकीकडे पुण्याला गेल्यात. जाताना बजावून गेल्या, “पूजा, ह्यांच्यावर लक्ष ठेव हं. पोट काचेचं आहे ह्यांचं!”

“काका, आज हॉटेलसारखी कॉफी!” मी जाहीर केलं. टाकी आरओच्या पाण्यानं काठोकाठ भरली, बटण दाबलं. लाल दिवा! ‘टाकी रिकामी आहे.’

ओतून टाकलं, पुन्हा भरलं. पुन्हा लाल! माझ्या नवऱ्यानं, रुचिरनं, मशीनला एक थापट मारली.

“अहो, स्कूटर आहे का ती?” मी खेकसले.

“राहू दे गं, चहा चालेल,” काका म्हणाले.

“मुळीच नाही!” मी म्हटलं. तेवढ्यात आतून देवश्रीनं भोकाड पसरलं. तिला घेऊन परत येते, तर मशीन भजनी मंडळासारखं घुमतंय आणि काकांना फेसाची पांढरी मिशी!

“अरे वा, मजा आ गया! चंदनाचा काय सुवास!”

चंदनाचा? मी सासूबाईंकडे पाहिलं. “अक्का, टाकीत काय घातलंत?”

“काही नाही गं. नवी वस्तू घरात आणलीस, ना कुंकू लावलंस, ना नारळ वाढवलास. चालेल कशी? तुझं पाणी उपसलं न् गडूभर तीर्थ ओतलं.”

“कुठलं तीर्थ?”

“अमावास्येला रामघाटावरून आणलेलं शिप्रा नदीचं. सकाळी महादेवाला अभिषेक केला ना, तेच. बघ, लगेच चालली!”

चालणारच! सेन्सरला पाणी दिसलं होतं. मला तर त्यात काय काय दिसायला लागलं!

“काका, थांबा!” मी ओरडले.

“थांबतोय की! अजून एक कप होऊ दे.”

“अगं, मशीनमध्ये उकळलं असेल ना,” रुचिर कानात कुजबुजला.

“आणि चंदन? कुंकू? बेलपत्र?”

काकांनी दुसरा कपही संपवला, ढेकर दिली आणि गेले. खरं काय ते न सांगताच मी त्यांना दारापर्यंत सोडून आले.

दुपारी फोन केला. नुसती रिंग. पुन्हा केला, पुन्हा रिंग! एवढ्यात पुण्याहून काकूंचाच फोन. “पूजा, हे फोन उचलत नाहीयेत गं. सकाळी तुझ्याकडे काय घेतलं?”

“कॉफी! फक्त कॉफी!” माझा आवाज मांजरीच्या पिल्लाएवढा झाला. “आमचं पाणी एकदम शुद्ध असतं, काकू.”

आता रुचिर कामानं देवासला गेलाय. देवश्री माझ्या खांद्यावर तापल्यासारखी वाटतेय, म्हणजे मला तरी वाटतेय. अक्का म्हणतात, “तीर्थ पिऊन कुणाला काही होतं का?” आणि मशीनसमोर उदबत्ती लावतात.

तुमच्यापैकी कुणी माधव नगरात राहत असेल, तर हात जोडते, पिंपळाजवळच्या हिरव्या गेटाची बेल वाजवा. काका आपल्या पायांनी येऊन दार उघडतात का, तेवढं बघा आणि मला कळवा. उघडलंच, तर माझं नाव मात्र घेऊ नका.

तिसरा कप प्यायला निघतील!