एस्थरबाईंचा अंबाडा

वसईकडच्या वटार गावातल्या चर्चच्या गायनमंडळात एक गंभीर त्रुटी होती. मंडळ तालात गात असे, आणि त्यासाठी कोणीही कोणाची मंजुरी घेतलेली नव्हती.

पद्धत अगदी साधी होती. एस्थरबाई पहिल्या रांगेत उभ्या राहत. त्यांचा अंबाडा किंचित खाली गेला की मागची मंडळी श्वास घेत, वर आला की गळे सुटत. कडव्याच्या शेवटी तो डावीकडे कलला की सगळे एकदम गप्प. लग्नं, मयती, ईस्टर, सारं त्या अंबाड्यावर निभावलं होतं. बाईंना स्वतःला याचा पत्ता नव्हता. त्यांना वाटे, आपण नुसतं गातो.

घरोघरी केबल आणि नाक्यानाक्यावर एस.टी.डी.चे बूथ आले त्या सुमाराची गोष्ट. समूहगान समन्वय समिती नावाची एक समिती उगवली आणि तिने आगाशीला नाताळगीतांची स्पर्धा जाहीर केली. एस्थरबाईंना तिथे गायचंच होतं. त्यांचे यजमान निकोलस यांनी देवाघरी जाण्याआधी एक नाताळगीत रचलं होतं. ते वटारबाहेर कोणी ऐकलं नव्हतं.

"एकदा आगाशीकरांच्या कानावर पडू दे, मग मी सुटले," त्या म्हणत.

पण समितीचा नियम होता: 'प्रमाणित संचालकाविना गायल्यास ते गाणे समजले जाणार नाही.'

मंडळाचा सेक्रेटरी आलोशियस हा बाईंचा भाचा. तो म्हणाला, "मावशी, एक दिवसाचं शिबिर आहे. एकाला पाठवलं तरी भागेल."

"मग एकालाच पाठव."

"जेवण आहे, मावशी."

सगळं मंडळ गेलं.

शिकवायला विरारच्या नव्या इमारतींतले हर्षवर्धन सर होते. मुंबईच्या कचेरीत फायलींचा वेग आटोक्यात ठेवण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता, म्हणून लय हा विषय त्यांच्याकडे सोपवला होता.

"हात खाली, एक. आत, दोन. बाहेर, तीन. वर, चार," सरांनी फळ्यासमोर हवा कापली. "आणि तोंड बंद. संचालक कधीही गात नाही. पदाला शोभत नाही."

"मग गातं कोण?" एस्थरबाईंनी विचारलं.

"तो विषय या शिबिरात नाही."

संध्याकाळी परीक्षा झाली. सगळे पास झाले, एस्थरबाई सोडून.

"बाई, मान स्थिर ठेवा आणि हात हलवा."

"मान धरली की माझा गळा धरतो हो."

सरांनी शेरा लिहिला, 'अवयवांची निवड चुकीची.'

मग वटारमध्ये सराव सुरू झाला. संचालकाला छडी हवी, म्हणून पानवेलीच्या मांडवाच्या कामट्या उपसल्या गेल्या. मांडव बसले, वेली जमिनीवर आल्या, पण लोकांना चार मात्रा आल्या. रस्त्याच्या कडेला कोणी 'वर, चार' केलं की आगाशीची एस.टी. करकचून थांबे. कंडक्टर विचारी, "चढताय का?" उत्तर मिळत नसे. तोंड बंद ठेवायचं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आलोशियसने हिशोब मांडला. मंडळात आता सारे संचालक होते आणि गायक एकच, तीही नापास झालेली.

"नशीब तुम्ही नापास झालात, मावशी," तो कळवळून म्हणाला. "नाहीतर आपलं नाव बाद झालं असतं."

स्पर्धेत संचालक गायकासमोर उभे राहिले, प्रेक्षकांकडे पाठ करून. त्या पाठींच्या भिंतीआड एस्थरबाई दिसेनाशा झाल्या. हात सुटले. एकाचा 'खाली' तो दुसऱ्याचा 'बाहेर'. कामट्या कामट्यांवर आदळल्या आणि आलोशियसचा चष्मा परीक्षकांच्या टेबलावर जाऊन बसला.

"मावशी, आमच्याकडे पाठ करा," तो कुजबुजला.

"कशाला रे?"

"अंबाडा दिसत नाही."

बाईंना काही उमजलं नाही. पण भाचा रडकुंडीला आला होता, म्हणून त्या वळल्या आणि मागच्या पडद्याकडे तोंड करून त्यांनी निकोलसचं गाणं उचललं. अंबाडा खाली गेला, वर आला, आणि सगळे हात एका दमात चालू लागले, वाऱ्यावर डोलणाऱ्या भातासारखे. सभागृह थक्क झालं. गाणं पडद्याला लागलं आणि तिथेच मुरलं.

पहिलं बक्षीस वटारला मिळालं. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'संचालन अप्रतिम. मधूनमधून कोणाचा तरी आवाज येत होता, तो पुढील वर्षी टाळावा.'

प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत कळंबची धोंडूबाई बसली होती, बाईंची जुनी मैत्रीण. एस्थरबाईंनी तिला गाठलं.

"धोंडूबाय, गाणं कसं वाटलं गं?"

"गानं व्हतं?" धोंडूबाई ओशाळली. "मी हातच बघत बसले बाय. माझा पन हात हलाया लागला."

एस्थरबाई बक्षिसाची ढाल काखेत मारून घरी निघाल्या. वाटेत त्यांनी दोनदा मागे हात नेऊन अंबाडा चाचपला.

आपण मात्र सुज्ञ वाचक. अंबाडा केव्हा कलला, कामट्या कुठे आदळल्या, सारं आपण नीट लक्षात ठेवलंत. वाचताना एखादं बोट मांडीवर खाली, आत, बाहेर, वर फिरलंही असेल. निकोलसच्या गाण्याचे शब्द काय होते, हे आपणही विचारलं नाहीत.

अभिनंदन. आपण पास आहात.