लग्नाची कॅसेट आणि मामाजींचा पहारा

कॉम्प्युटरचं काम म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ! हे मी नाही, माझ्या सासरचे लोक म्हणायचे. म्हणायचे, हे नीट ऐका. दोन हजार सातच्या उन्हाळ्यापर्यंत म्हणायचे.

मी धर्मेंद्र. जवाहरनगरला फॅक्टरीत क्लार्क आहे, क्वार्टरात राहतो. अख्ख्या लाइनीत पहिला कॉम्प्युटर माझ्या घरी आला आणि पहिला हँडीकॅमही माझ्याच घरी आला. त्यामुळे मोहाडीला माझ्या मेहुणीचं, दीपमालाचं, लग्न ठरलं आणि माझे सासरे यादोराव मला विचारायला लागले, "जवाईबापू, शूटिंगसाठी तुलारामले सांगून देऊ काय?" तेव्हा मी अक्षरशः दुखावलो!

"मामाजी, घरात मी असताना तुलाराम?"

तुलाराम म्हणजे मोहाडीचा फोटो स्टुडिओवाला. लग्नात हा माणूस एवढा मोठा लाइट लावतो की नवरीची पावडर वितळते. मग नवरदेवाच्या डोक्यावर गुलाबाची फुलं पाडतो आणि तीन महिन्यांनी सीडी देतो. मी मुद्दाम त्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगून आलो, "तुलारामभाऊ, तुमचा जमाना गेला! आता आम्ही घरीच कॉम्प्युटरवर फिल्म बनवतो."

तुलाराम पान खात होता, खात राहिला.

आणि लग्न चार दिवसांवर आलं असताना सासूबाई टायफॉइडनं आडव्या झाल्या. मंगलाबाई त्यांचं नाव, मी आत्याबाई म्हणतो. भंडाऱ्याला दवाखान्यात भरती केलं, सलाइन लागलं. लग्न पुढं ढकलायचं कसं? पत्रिका वाटून झालेल्या. नवरदेव अश्वजित भुसावळहून सुटी काढून आलेला. शेवटी आत्याबाईच खाटेवरून म्हणाल्या, "लगन लावून टाका. मी सीडीत पाहीन." आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "जवाईबापू, माह्या पोरीचं लगन तुमच्या हातात हाये बरं!"

माझी छाती अशी फुगली की बुशर्टचं बटन ताणलं.

लग्न झालं. त्रिशरण, पंचशील, हार, जेवण, पाठवणी, सगळं मी एका तासाच्या छोट्या कॅसेटमध्ये बसवलं. दुसरा कॅमेरा मंडपात नव्हता, मीच येऊ दिला नव्हता! तिकडं दवाखान्यात बायकांनी आत्याबाईंना जाऊन बातमी दिली, पाठवणीच्या वेळी सारा मोहल्ला रडला, पण यादोरावांच्या डोळ्याला टिपूस नाही. पोरगी गाडीत बसली तरी ते आचाऱ्याची भांडी मोजत उभे होते म्हणे. आत्याबाईंना ते फार लागलं. "बाप हाये का गोटा!" एवढंच म्हणाल्या आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद.

आता पुढचं ऐका. मी हँडीकॅम कॉम्प्युटरला जोडला. यूएसबीची वायर लावली. कॉम्प्युटरनं तीन फोटो दाखवले. एक मंडपाचा आणि दोन माझ्या बुटांचे. लग्न कुठंच नाही! आमचा शेजारी जागेश्वर फॅक्टरीत फिटर आहे. तो म्हणाला, "अबे, या वायरीनं फोटोच येतेत. लग्नासाठी फायरवायर लागते." मग नागपूरहून फायरवायरचं कार्ड मागवलं. जागेश्वरनं कॉम्प्युटर उघडून ते बसवलं. दोन स्क्रू उरले, ते त्यानं खिशात टाकले. वायर मिळाली ती वीतभर! कॅमेरा मॉनिटरला खेटूनच ठेवावा लागला, तोंड खोलीकडं.

पण भाऊ, लग्न दिसलं! काय आनंद झाला! फक्त ते उड्या मारत होतं. दीपमालानं हार उचलला, आणि थेट अश्वजित जेवताना दिसला. खाली कॉम्प्युटरनं लिहून दिलं, इतक्या हजार फ्रेम सुटल्या. म्हणजे आत्याबाईंच्या पोरीचं अर्धं लग्न वाटेतच सांडलं.

शनिवारी आत्याबाईंना सुटी झाली. मोहाडीत संध्याकाळी वीज जायची, कॉलनीत जात नव्हती, म्हणून त्यांना आणि मामाजींना आम्ही आमच्याच क्वार्टरात आणलं. रविवारी संध्याकाळी सहा वाजता सीडी दाखवायची हे माझ्या बायकोनं, खुशबूनं, परस्पर जाहीर करून टाकलं. शेजारच्या शकुबाईंसकट सगळ्यांना आमंत्रण! वर भंडाऱ्याहून बालुशाहीचा डबा आणून अलमारीवर ठेवला. मामाजींना शुगर, म्हणून मुद्दाम उंचावर.

रविवारी सकाळी कॉम्प्युटर म्हणाला, कॅमेराच सापडत नाही! वायर काढली, लावली. फुंकर मारली. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. नाही म्हणजे नाही. आतल्या खोलीतून आत्याबाईंचा बारीक आवाज आला, "खुशबू, दीपानं कोनतं पातळ नेसलं होतं वो? पांढरंच नं, लाल काठाचं? जाऊ दे, सांगू नको. सांजेले पाहीनच."

मी खोलीचं दार लोटलं आणि ज्याचा जमाना गेला होता त्याला फोन लावला.

तुलारामनं सगळं शांतपणे ऐकलं आणि सांगितलं. कॉम्प्युटरवरचे बाकी सगळे प्रोग्राम बंद करा. चित्र दाखवणारी खिडकी बंद करा, तिच्यापायीच फ्रेम सुटतात. मग कॅमेऱ्याचं बटन बंद करून पुन्हा फिरवा. चार्जरची वायर लावा. नंतर एक तास कोणी हात लावायचा नाही, माऊस हलवायचा नाही.

मी बटन फिरवलं. कॉम्प्युटरला कॅमेरा सापडला! कॅमेऱ्याचा छोटा पडदा मॉनिटरला अडत होता, तो मिटून टाकला. कॅप्चर दाबलं. आकडे पळायला लागले.

"मामाजी, जरा इकडं या!" मी हाक मारली. "इथं दिवाणावर बसा. लग्न कॉम्प्युटरमध्ये जाऊन राहिलं. तासभर कोणाले आत येऊ देऊ नका. मांजरालेही नाही!"

"तुम्ही बिनघोर जा जी," मामाजी म्हणाले आणि गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले. मी जागेश्वरकडं त्याचा मोठा टीव्ही आणि प्लेअर आणायला गेलो. खुशबू आत आईचे पाय दाबत होती.

तासाभरानं आलो. मामाजी तसेच ताठ! आणि कॉम्प्युटरवर काय लिहिलं होतं? सुटलेल्या फ्रेम : शून्य! मी खोलीत नाचलो! मग थेट डीव्हीडीला लावून दिलं, वर गुलाबाचं चित्र टाकून नाव लिहिलं. आमच्या कॉम्प्युटरला डीव्हीडी लिहायला पाच वाजले.

खुशबू म्हणाली, "अवो, एकदा लावून तर पाहा."

"शून्य म्हणजे काय समजतं का तुले? शून्य! पाहायचं काय त्यात?"

"बरं बाप्पा. पण बालुशाही कुठं गेली ते सांगा. डबा रिकामा आहे!"

"मले काय माहीत?"

"अलमारीपर्यंत हात तुमचाच पुरते. लाज नाही वाटत? पाहुण्यांसाठी आणली होती!"

मी मामाजींकडं पाहिलं. मामाजी छताकडं पाहत म्हणाले, "जाऊ दे वो पोरी. जवाईबापूले गोड आवडतेच."

मी शून्याच्या नशेत होतो. सहन केलं.

सहा वाजता खोली भरली. आत्याबाईंना उशी लावून अगदी समोर बसवलं. त्यांनी नवं पातळ नेसलं होतं, जसं काही लग्नालाच निघाल्या! रिमोट शकुबाईंकडं, कारण त्यांना प्लेअर चालवता येतो हे त्यांना दाखवायचं होतं. मी उभा राहून दोन शब्द बोललो. "हे संपूर्ण काम मी एकट्यानं, कोणाच्याही मदतीशिवाय केलेलं आहे." टाळ्या पडल्या.

गुलाब आले. "दीपमाला आणि अश्वजित, मंगल परिणय" आलं. आणि मग टीव्हीभर एक नाक आलं.

माझं नाक! मग माझा घाम आलेला चेहरा, कानाला फोन. आणि स्वच्छ आवाज :

"हाव, सापडला कॅमेरा, चालू झालं! तुलारामभाऊ, तुमच्यासारखा जाणकार साऱ्या भंडारा जिल्ह्यात नाही! तुमाले लग्नात नाही म्हटलं ते चुकलंच माझं. पाया पडतो तुमच्या! फक्त माह्या सासऱ्याले सांगू नका. त्याले पहाऱ्यावर बसवून देतो, नाही तरी म्हातारा सकाळपासून चहाच पिऊन राहिला!"

आता काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. त्या बटनाला दोन बाजू असतात. एका बाजूला कॅसेट वाजते. दुसऱ्या बाजूला कॅमेरा समोर दिसेल ते पाहतो. घाईत मी दुसऱ्या बाजूला फिरवलं होतं. एक तास कॅसेट जागची हलली नव्हती आणि कॉम्प्युटरमध्ये गेली होती आमची खोली!

"बंद करा! शकुबाई, बंद करा!" मी झेपावलो.

"काहून?" शकुबाईंनी रिमोट पदराखाली घेतला. "चांगलं तर लागून राहिलं!"

मामाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बसलो. पण तेवढ्यात टीव्हीवर तेच आले. ताठ बसले. दोन मिनिटं गेली. दाराकडं पाहिलं. उठले. स्टूल ओढल्याचा आवाज आला, डब्याचं झाकण वाजलं. परत आले ते मूठ मिटून. तोंड हलायला लागलं. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा तर डबाच मांडीवर घेऊन बसले!

खोली फुटली! जागेश्वर तर भिंतीला टेकून हसत होता. खुशबू ओरडली, "बाबा!" मी म्हटलं, "पाहा! पाहा कोणाले गोड आवडते ते!" मामाजी इकडं खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड घालून बसले.

मग टीव्हीवरचे मामाजी पुढं सरकले. कॉम्प्युटरच्या अगदी जवळ आले, म्हणजे आमच्याच जवळ, आणि त्यालाच विचारायला लागले, "कुठवर आलं गा लगन? हार टाकून झाले काय?" कॉम्प्युटर काय सांगणार? थोडं थांबून म्हणाले, "आता पाठवनी आली असन."

हसणं कमी झालं.

"दीपा," मामाजी मॉनिटरला म्हणाले, "गाडीत बसली तवा तूनं मांगं वळून पाह्यलं नं माय? मी भांड्यांच्या मांगं उभा होतो. बाप रडताना दिसला तं पोरीचा पाय निघत नाही, म्हनून नाही आलो समोर. तुही माय दवाखान्यात. कोनापाशी रडू मंग मी?" आणि दुपट्टा डोळ्यांना लावून हा माणूस हुंदके देऊन रडला. रडता रडता डब्यातली शेवटची बालुशाही उचलली आणि तीही खाल्ली.

कोणी हसलं नाही. माझे स्वतःचेच डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू!

दहा दिवसांच्या अबोल्यानंतर आत्याबाई तिथंच नवऱ्याशी पहिलं वाक्य बोलल्या. "शुगर हाये नं तुमाले?"

"हाव."

"किती खाल्ल्या?"

"मोजल्या नाही."

"मले काहून नाही सांगतलं, रडू येऊन राहिलं म्हनून?"

"तुले ताप होता वो," मामाजी म्हणाले.

आत्याबाईंनी पदरानं आधी आपले डोळे पुसले, मग त्यांच्या मिशीला... नाही, मिशीला सकाळची साखर काही लागली नव्हती, पण पुसली. आणि मग माझ्याकडं वळल्या. "जवाईबापू, पन माह्या पोरीचं लगन?"

सोमवारी तुलाराम मोटरसायकलवर आला. त्यानं कॅमेरा हातात घेतला आणि अंगठ्यानं बटन दुसऱ्या बाजूला फिरवलं. "भाऊ, याले प्ले म्हणते," बस, एवढंच बोलला. तासाभरात सारं लग्न कॉम्प्युटरमध्ये. आत्याबाईंनी ते पापणी न हलवता पाहिलं. पांढरं पातळ लाल काठाचंच होतं. पाठवणी आली, गाडी हलली, दीपमालानं काचेतून मागं पाहिलं, आणि तिथं माझा कॅमेरा आकाशाकडं गेला आणि कॅसेट संपली.

"इथं तिचा बाप लावून द्या," आत्याबाई तुलारामला म्हणाल्या. "कालचा."

तुलारामनं लावून दिला. आता सीडीत पोरगी मोहाडीहून मागं वळून पाहते आणि बाप जवाहरनगरातून रडतो, मांडीवर बालुशाहीचा डबा. दीपमालाला भुसावळला एक प्रत पाठवली. फोनवर तिला आधी हसू आवरेना, मग रडू.

सगळं गोड झालं म्हणा ना. पण तुलारामनं मजुरी घ्यायला साफ नकार दिला, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. म्हणाला, "पैसे नको भाऊ, तुमच्या सीडीतला सुरुवातीचा तुकडा तेवढा मले राहू द्या."

मोहाडीच्या बाजाराच्या दिवशी आता त्याच्या दुकानाच्या तोंडाशी टीव्ही असतो. त्यावर सकाळपासून माझं नाक लागलेलं असतं आणि मी सांगत असतो, साऱ्या भंडारा जिल्ह्यात तुलारामसारखा जाणकार नाही! लोक वांग्यांच्या थैल्या घेऊन पाहत उभे राहतात. मी सासरी जाताना बाजाराचा दिवस टाळतो. तरी परवा बसमध्ये कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"भाऊ, तुम्ही तुलारामच्या टीव्हीवरचे नं? काय साफ आलं हो! एक शब्द म्हणून तुटला नाही!"

तुटेल कसा? एकही फ्रेम सुटली नव्हती!