फिल्टरमागचं पिवळं फडकं

शनिवारी दुपारी जेवता जेवता सासरे म्हणाले, "जावईबापू, गाडीचा एअर फिल्टर तेवढा साफ करून ठेवा. उद्या टेकडी चढायची आहे." जावयाच्या हातातला घास हातातच राहिला.

गाडी म्हणजे डर्ट बाइक. उंच, खडबडीत टायरची, दगडधोंड्यांतून उड्या मारत जाणारी. सासरे निवृत्त व्यायामशिक्षक, वय चौसष्ट, आणि त्या गाडीला घरात कुणी बोटही लावलेलं त्यांना खपत नसे. उद्याच्या स्पर्धेत टेकडीचा उभा चढ आपण चढणारच, असं त्यांनी न्हाव्याच्या दुकानात भरल्या खुर्च्यांसमोर सांगून ठेवलं होतं. जावई चष्मेवाला, बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान. गेल्या सहा वर्षांत सासऱ्यांनी त्याच्यावर एकच काम सोपवलं होतं, बल्ब बदलायचं. त्या दिवशी अख्ख्या घराचे दिवे गेले होते.

मेकॅनिकला बोलावू या का, असं त्याने चाचरत विचारून पाहिलं. घरचा माणूस असताना मेकॅनिक कशाला, असं म्हणून सासरे ताटातलं अर्धंअधिक तसंच टाकून उठले. ते आपल्यावर भरवसा नसल्यामुळेच जेवले नाहीत, अशी जावयाची खात्री पटली.

मागच्या शेडमध्ये जाऊन त्याने सीट काढली. खाली एक डबा होता आणि त्या डब्यात स्पंजचा काळाकुट्ट फिल्टर. तो उपसल्यावर मागे इंजिनात हवा नेणारं भोक उघडं पडलं. उघड्या वस्तूवर धूळ बसू द्यायची नाही, ही चष्मेवाल्याची जन्माची सवय. त्याने खिशातलं काचा पुसायचं पिवळं फडकं काढलं, बोळा केला आणि भोकात नीट बसवला. इथपर्यंत त्याचं काहीही चुकलं नव्हतं.

चूक पुढे झाली. काजळी पाण्याने निघेना, म्हणून त्याने फिल्टर पेट्रोलमध्ये बुडवला आणि काचेवरचा डाग काढावा तसा मनापासून चोळला. काजळी निघाली. त्याबरोबर फिल्टरच्या जोडाचा डिंकही निघाला आणि स्पंज दोन फाकांत उघडला. बायको म्हणाली, "बाबांना सरळ सांगून टाक ना." तो म्हणाला, बल्बच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस.

स्कूटर काढून तो सुट्या भागांच्या दुकानात गेला. नशिबाने त्या गाडीचा नवा फिल्टर मिळाला. पण दुकानदाराने फिल्टरबरोबर धाक फुकट दिला. "तेल सगळीकडे सारखं लावा आणि कडेला ग्रीस. धूळ आत गेली की इंजिन बसलं म्हणून समजा. आणि चढावर इंजिन बसलं, तर गाडी उलटून माणसाच्या अंगावर येते."

हे ऐकल्यावर जावयाला सासरे डोळ्यांसमोर दिसायला लागले, आडवे आणि वर गाडी. शेडमध्ये त्याने नवा फिल्टर तेलात भिजवला, हलकेच दाबून पिळला, कडेला ग्रीस फासलं. तेवढ्यात दाराबाहेर सासऱ्यांच्या चपला वाजल्या. जुना फाटका फिल्टर शेडमध्येच पडला होता. तो त्याने शर्टाच्या आत कोंबला, नवा घाईघाईने डब्यात बसवला, स्क्रू आवळला आणि सीट लावून टाकली.

"झालं?" सासऱ्यांनी दारातूनच विचारलं.

"झालं."

"नीट झालं?" सासऱ्यांचा आवाज पडलेला होता. जावयाने नुसती मान हलवली. शर्टाच्या आत पेट्रोलने पोटाची आग होत होती.

रविवारी सकाळी टेकडीखाली दीडदोनशे माणसं जमली होती. चढ समोर भिंतीसारखा उभा होता. पहिला गडी अर्ध्यावर गेला, घसरला, आणि गाडी एकीकडे, तो दुसरीकडे असा खाली आला. ते बघून जावयाला घाम फुटला. चष्मा पुसायला त्याने खिशात हात घातला. फडकं नव्हतं. ते कुठे आहे हे त्याला आठवलं.

तो गर्दीतून धावला. तोवर सासऱ्यांचा नंबर पुकारला होता. त्यांनी किक मारली. गाडीने एकदा उसासा टाकला आणि गप्प झाली. दुसरी किक, पाचवी, नववी. स्पर्धेचा मेकॅनिक पाना घेऊन पुढे आला, तशी सासऱ्यांनी त्याला हातानेच थांबवलं. माझी गाडी मीच बघतो म्हणाले. सीट काढली, फिल्टर काढला, आत बोटं घातली आणि पिवळं फडकं उलगडलं. त्यावर जावयाच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर ठळक छापलेला होता.

जावई धापा टाकत तिथे पोचला. "बाबा, मी..."

सासऱ्यांनी फडक्याकडे पाहिलं. मग वर चढाकडे पाहिलं, तिथे आता दुसरा गडी घसरत होता. मग मेकॅनिककडे पाठ करून त्यांनी फडक्याचा बोळा केला, होता तिथे पुन्हा कोंबला आणि वरून फिल्टर बसवला. सगळ्यांदेखत आणखी दोन किका मारल्या आणि खिन्न आवाजात जाहीर केलं, "इंजिनचं मोठं काम निघालं. आज काही होत नाही."

माणसं हळहळली. गाडी टेम्पोत चढवली आणि दोघं मागे तिच्याशेजारी बसले.

"महिनाभर झोप नाही हो मला," सासरे हळूच म्हणाले. "तो चढ डोळ्यांसमोरून हलत नव्हता. पण न्हाव्याकडे बोलून बसलो होतो. माघार कोणत्या तोंडाने घेणार?"

जावयाचा जीव भांड्यात पडला. पण लगेच त्याच्या मनात काहीतरी टोचलं. "मग फिल्टर माझ्याकडे का दिलात?"

"मेकॅनिककडे दिला असता, तर गाडी चालू झाली असती."

यावर आनंद मानावा की राग, हे जावयाला ठरवता येईना. त्याने चष्मा काढला आणि सवयीने खिसा चाचपला. मग तो सीटकडे हात न्यायला लागला.

"राहू दे ते तिथेच," सासरे म्हणाले. "पुढच्या वर्षीही लागेल."