निव्वळ कचरा

"लहान गाडीचे आठशे, मोठीचे बाराशे. लिहून टाका आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

काटेसाहेब खडू हातात धरून फळ्यासमोर उभे होते. काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं त्यांनी दुकानांतले काटे तपासले, तेव्हा दुकानदारांनी चिकटवलेलं ते नाव, आणि ते निवृत्तीनंतरही निघालं नाही.

"लहान म्हणजे नक्की किती लहान?"

"अहो, लहान म्हणजे लहान. डोळ्यांना दिसतं ते."

"डोळ्यांना दिसतं त्यावर मी कधी शिक्का मारलेला नाही. आता असं बघ, एखाद्याची मोठी गाडी आहे, पण तो आत बूट काढून बसतो. दुसऱ्याची लहान गाडी, पण आत उकिरडा. पहिल्याने चारशे जास्त का द्यायचे?"

"कारण त्याची सीट मोठी आहे! मला घासायला वेळ लागतो!"

बायकोला यातलं सगळं कळत होतं. एका शोरूममध्ये गाड्या आतून-बाहेरून लख्ख करायचं खातं तिने अकरा वर्षं सांभाळलं होतं आणि स्वतःचा धंदा काढायचा म्हणून गेल्याच महिन्यात राजीनामा दिला होता. गॅरेजची जागा काटेसाहेबांच्या थोरल्या बहिणीची. ताईने एक महिना भाडं माफ केलं होतं, पण अट स्पष्ट होती. "महिनाअखेर मी बघायला येणार. धंदा चालताना दिसला तर जागा तुमची. नाहीतर टायरवाला माझ्या दारात आगाऊ रक्कम घेऊन बसलाय."

तीन दिवस फळा कोराच राहिला. चौथ्या दिवशी काटेसाहेब बाजारातून एक इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आले, तो तीनदा तपासला आणि फळ्यावर लिहिलं : 'गाडीतून निघेल तेवढा कचरा. ग्रॅमला दोन रुपये. बाहेरून धुणं त्यातच.'

"जगात असं कुणी करत नाही," बायको म्हणाली.

"म्हणूनच जगात कुणाला भाव पटत नाही."

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर. बायकोने गाडीचा कोपरान् कोपरा व्हॅक्यूमने ओढून काढला. काटेसाहेबांनी यंत्रातली पिशवी तोलली, रिकाम्या पिशवीचं वजन वजा केलं आणि पावती छापली. डॉक्टरांनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"हे काय? वर माझं नाव, आणि खाली लिहिलंय 'निव्वळ कचरा'?"

"हो. चारशे बारा ग्रॅम."

"मी?"

"पिशवी धरून ढोबळ कचरा जास्त भरला होता. पिशवी वजा जाता तुम्ही निव्वळ."

डॉक्टरांनी पैसे दिले, पण जाताना काटेसाहेबांच्या दातांकडे असं काही पाहिलं की त्यांनी तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पोहायला शिकवणारे सर आले. त्यांच्या गाडीतल्या पायपुसण्यांवर बोटभर ओला चिखल होता. बायको खूश झाली, पण काटेसाहेबांनी तिला अडवलं.

"यात निम्मं पाणी आहे. पाण्याला कचऱ्याचा भाव लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची शुद्ध फसवणूक."

"मग काय करू, पंख्याखाली धरू?"

"तुझा ओव्हन आहे ना."

त्या दुपारी बायकोच्या केकच्या भांड्यात चिखल भाजला गेला. घरभर भिजलेल्या कुत्र्याचा वास सुटला. सर तासभर बाकावर थांबले आणि मग दाराशी येऊन म्हणाले, "झाला का हो माझा?"

बायकोने सुरी खुपसून पाहिली. "कडेने झालाय. मधे अजून जरा ओला आहे."

तिसऱ्या दिवशी एका बाईंनी सीटखाली सापडलेल्या बिस्किटावरून वाद घातला. बिस्किट अख्खं आहे, तेव्हा तो कचरा नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

"मग काय आहे?" काटेसाहेबांनी विचारलं.

"खाऊ आहे."

"मग खा."

बाईंनी बिस्किटाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं. अकरा ग्रॅम, म्हणजे बावीस. त्यांनी डोळे मिटून ते खाल्लं.

इथवरही ठीक होतं. पण लोक हिशोबाला पक्के निघाले. पुढच्या आठवड्यात एक मुख्याध्यापिका बाई गाडी घेऊन आल्या, ती आदल्या दिवशी घरी दोनदा झाडून. कचरा भरला तीन ग्रॅम. बाईंनी सहा मोजून दिले आणि पावती शाळेच्या सूचनाफलकावर लावली. मग काय, शिक्षकांमध्ये अहमहमिका सुरू झाली. शिक्षकांकडून ती पालकांत गेली आणि पालकांकडून शेजाऱ्यांत. लोक गाड्या दात कोरल्यासारख्या कोरून आणू लागले. "आमची चार भरली." "चार? आमची दोन, आणि त्यातही एक ग्रॅम सासऱ्यांचा." गॅरेजसमोर रांग लागायला लागली.

महिना संपत आला तेव्हा बायकोने आठवड्याचा गल्ला उपडा केला. चौऱ्याण्णव निघाले. नुसत्या शाम्पूलाच नऊशे लागले होते.

"अहो, लोक गाड्या धुऊन आणतायत. आपल्याकडे. धुवायला!"

"म्हणजे पद्धत यशस्वी झाली. गावातला कचरा कमी झाला."

"कचरा हा आपला माल आहे!" बायको किंचाळली.

दुसऱ्याच दिवशी ताई आली. सोबत तिचे यजमान, म्हणजे भावोजी होते, आणि मागच्या सीटवर टायरवाला.

रांगेत सात गाड्या बघून ताईचा चेहरा उजळला. "धंदा जोरात चाललाय की! मला वाटलं होतं माशा मारत असाल."

"बघा ना वन्सं," बायको म्हणाली आणि गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली.

ताईने फळा वाचला. "मग माझीही गाडी कर की. सगळ्यांसमोर कर. शून्य भरेल, बघ." ताई नळ बंद केल्यावर नळही पुसून ठेवणाऱ्यांपैकी. रांगेतले लोक खाली उतरून जमा झाले.

व्हॅक्यूम सीटखाली गेला आणि खडखडाट सुरू झाला. पिशवी काट्यावर आली. काटेसाहेबांनी आकडा पाहिला. बायकोनेही पाहिला.

"सात सांगा," ती पुटपुटली.

"सात नाहीयेत."

"अहो, मी नोकरी सोडलीय. जागा जाईल. सात सांगा!"

काटेसाहेबांनी खरोखर प्रयत्न केला. 'सात' त्यांच्या तोंडातून बाहेरही पडलं. पण सव्वीस वर्षांची जीभ तिथे थांबली नाही.

"सात...शे तीस."

टायरवाल्याने खिशातून मोजपट्टी काढली आणि भिंत मापायला सुरुवात केली.

"तुझा काटा बिघडलाय," ताई म्हणाली.

हे मात्र फार झालं. "काटा बिघडलेला नाही!" काटेसाहेब गरजले, आणि त्यांनी पिशवी सगळ्यांसमोर परातीत रिकामी केली.

धूळ चिमूटभरच होती. बाकी चॉकलेटचे कागद, क्रीम बिस्किटांचा चुरा, पेढ्याएवढे कडक झालेले केकचे तुकडे आणि आइस्क्रीमच्या एकोणीस काड्या. ताईने काड्या मोजल्या. मग सावकाश मान वळवून तिने भावोजींकडे पाहिलं. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद करून चार वर्षं झाली होती. भावोजी एकदम टायरांविषयी उत्सुक झाले होते.

"तुम्ही रोज संध्याकाळी चालायला जाता ना?"

"जातो की."

"गाडी घेऊन?"

"चालायच्या जागेपर्यंत चालत गेलं तर तिथे दमायला होतं."

ताईने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "ही गाडी दर शनिवारी इथे येईल. वजन करायचं, आणि काय काय निघालं त्याची यादी मला द्यायची. पुरते पैसे घे. टायरवाले, ती पट्टी गुंडाळा, जागा दिलेली आहे."

रांगेतल्या दोन बायका पुढे सरकल्या. "यादी पण देता का?" एकीने हळूच विचारलं. बायकोने क्षणाचाही विलंब न लावता ग्रॅमला दोन पुसलं आणि लिहिलं : 'यादीसह, बाराशे.' त्या दिवशी एकाच रांगेतल्या पाच नवऱ्यांना अचानक कामं आठवली.

शुक्रवारी सकाळी काटेसाहेब शटर वर करतात तो खाली आधी बूट दिसले, मग भावोजी.

"यादी न करता धुवायचे किती घ्याल?"

"न मोजता? मग भाव कसा काढणार मी?"

"दोन हजार," आतून बायको म्हणाली.

भावोजींनी घासाघीस न करता नोटा दिल्या. अर्ध्या तासात गाडी आरशासारखी झाली. भावोजींनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"फारच स्वच्छ झाली. उद्या शून्य भरलं तर हिला संशय येईल." ते काटेसाहेबांच्या कानाशी आले. "थोडी साधी धूळ मिळेल का?"

सबंध महिन्यात काटेसाहेबांना पहिल्यांदाच कुणीतरी सरळ प्रश्न विचारला होता. त्यांनी काटा पुसला आणि चालू केला.

"देतो की," ते म्हणाले. "किती ग्रॅम?"