पेटीतली रसीद

नको असलेला माल दुकानदाराच्या गळ्यात परत घालावा तर दिनकररावानंच, असं पूर्ण्यातला लहानथोर म्हणतो. दिनकरराव म्हणजे मी! कचेरीचा कारभार सगळा उर्दूत, आणि लोकांचे अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. माझं उर्दू वाचून तहसील कचेरीतले साहेब चष्मा पुसतात. आजवर मी अर्धा झिजलेला साबण परत केलाय, चार कोस चाललेले जोडे परत केलेत, एकदा तर अख्खा पावसाळा वापरलेली छत्री परत केली! गुपित एकच. रसीद! सुयांची पुडी घेतली तरी मी रसीद मागतो, उभ्या उभ्या वाचतो आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. तेव्हा पुढं जे घडलं त्यात माझी तसूभरही चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो.

पिंगळीला आमचे मेहुणे आबासाहेब यांच्या मुलीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त. त्यासाठी आठ दिवस आधी मी परभणीला जाऊन ईश्वरअप्पांच्या दुकानातून पेटीसाठी नवंकोरं कुलूप आणलं. नारळाएवढं! दाबलं की खट्कन बंद. लग्नादिवशी सकाळी आमच्या मंडळीनं, म्हणजे कस्तुराबाईनं, पैठणी, आहेर, माझा कोट, सगळं पेटीत भरलं. मी खट्कन कुलूप लावलं आणि आम्ही गाडीत बसून पिंगळीला उतरलो.

तिथं कुलूप उघडेना!

किल्ली आत जायची, पण फिरायचं नाव नाही. मी जोर लावला, तेल सोडलं, फुंकर मारली. आबासाहेब म्हणाले, "दाजी, मी बघू का?"

"हात लावू नका! नाजूक काम हाय."

तासाभरात माझी बोटं गाजरासारखी लाल झाली, आणि कुलूप मात्र रुसलेल्या विहिणीसारखं तोंड मिटून बसलेलं!

"आवं, दगड घाला त्याच्यात!" कस्तुराबाई कडाडली. "भाचीच्या लग्नात मी हे मळकं लुगडं नेसून मिरवू का?"

"फोडलं तर परत कसं करायचं?" मीही तापलो. "आठ दिवसांचं कुलूप! त्या ईश्वरअप्पाला वाटलं काय? आत्ता जातो, उघडून घेतो आणि पैसे परत आणतो!"

"गोरजाच्या आत आला नाहीत तर बघा!"

दुपारच्या गाडीनं पेटीसकट परभणी गाठली. स्टेशनपासून दुकानापर्यंत हमालाच्या डोक्यावर पेटी आणि माझ्या डोक्यात संताप! दुकानात ईश्वरअप्पा कपाळाला भस्म लावून शांत बसलेले.

"या दिनकरराव, बसा. च्या सांगू?"

"च्या नको! हे कुलूप परत घ्या. उघडंना झालंय. आधी उघडून द्या, मग पैसे द्या!"

ईश्वरअप्पांनी लांबूनच मान वाकडी करून कुलूप बघितलं. हातसुद्धा लावला नाही.

"रसीद?"

"पेटीत हाय."

"मग काढा की."

"पेटीला कुलूप हाय!"

"मग उघडा की."

"अहो, उघडत न्हाई म्हणून तर आणलंय!"

"ते खरं हो. पण आमी बिगर रसीदीचा माल हातात घेत नसतो. छत्रीवाला शिवरुद्र माझा साडू हाय."

आता छत्रीचा इथं काय संबंध? पण माणसं मनात धरून बसतात! मी आवाज चढवला. फसवणूक, दगाबाजी, बेइमानी, कचेरीतले होते नव्हते ते सगळे शब्द काढले. बाजार गोळा झाला. भुजंग लोहार घण घेऊन आला आणि म्हणाला, "सरका, एका दणक्यात मोकळं करतो."

"खबरदार!" मी पेटीवर आडवा पडलो. "साबूत परत करायचंय!"

"फुटलेलं तर मी रसीद असून बी घेणार न्हाई," ईश्वरअप्पा गोड आवाजात म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून पोलिसाचा एक जवान पुढं आला. त्यानं आधी पेटीकडं बघितलं, मग पेटीवर आडव्या पडलेल्या माझ्याकडं.

"क्या जी, पेटी किसकी?"

"माझी."

"चाबी?"

"ही काय."

"तो खोलो."

"उघडत नाही."

"पेटी तुम्हारी, चाबी तुम्हारी, और खुलती नहीं? वा! अंदर क्या है?"

"जरीचे कपडे, आहेर आणि रसीद!" मी छाती काढून सांगितलं.

त्याचे डोळे चमकले. पूर्ण्याचा माणूस, परभणीचा बाजार, बंद पेटी आणि जरीचे कपडे! चोरीचा माल, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पंचनामा करायचा म्हणाला. पण त्याला लिहिता कुठं येत होतं? त्यानं चौफेर विचारलं, "कौन लिखेगा?" आणि ईश्वरअप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं!

तुम्हीच सांगा, काय करणार? मी माझ्याच विरुद्ध पंचनामा लिहिला. 'सदर संशयित इसम पेटीवर पालथा आढळून आला,' असं सुबक उर्दूत उतरवलं. अक्षरही फार सुंदर आलं. राग राहिला बाजूला, दोनदा वाचून दाखवला!

सही करायला घेतली, तोच दुकानासमोर छकडा थांबला. आबासाहेबांची खोंडं तोंडाला फेस येईस्तोवर पळवलेली. छकड्यातून कस्तुराबाई उतरली. अंगावर तेच मळकं लुगडं. तिनं जवानाकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं नाही, किल्ली मागितली नाही. ईश्वरअप्पांच्या तराजूतलं पाच शेराचं वजन उचललं आणि घातलं कुलपावर!

कुलपाचे दोन तुकडे झाले. पेटीची कडीही निखळून गटारात गेली. जवान दोन पावलं मागं सरकला.

झाकण उघडलं तर वर जरीचे कपडे कुठले? कुरडया! माहेरी द्यायला म्हणून तिनं डबाभर कुरडया वरनं ओतल्या होत्या आणि प्रवासात त्यांचा पार भुगा झाला होता.

"ये जरी है?" जवानानं विचारलं.

मी भुग्यात कोपरापर्यंत हात घातला. पैठणी निघाली, आहेर निघाला, तळाशी माझा कोट निघाला आणि आतल्या खिशातून रसीद! मी ती झेंड्यासारखी वर धरली.

"ही घ्या! बघा! कुणाचं अक्षर हाय हे?"

ईश्वरअप्पांनी चष्मा लावला. रसीद वाचली, पालथी करून बघितली. मग पहिल्यांदाच कुलपाचे तुकडे हातात घेतले आणि हळहळले.

"अरारा! हे तर माझंच कुलूप की! आक्का, कशाला फोडलंत? याची किल्ली डावीकडं फिरवायची असती. घेतानी मी यांना सांगायलो होतो, पण हे रसीद वाचायले होते."

बाजार असा हसला की खोंडं बुजली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मग इतका येळ गप का बसलात? आल्या आल्या सांगता आलं नसतं?"

"कसं सांगू हो?" ईश्वरअप्पांनी दोन्ही हात पसरले. "हे कुलूप माझ्याच दुकानातलं, हे मला काय ठाव? तुमच्याकडं रसीद कुठं होती!"

जवानानं पंचनाम्याची घडी घालून खिशात ठेवली. एवढं चांगलं अक्षर फाडायला मन होत नाही म्हणाला.

गोरजाला अजून अवकाश होता. कडीच गेल्यामुळं पेटीला आता कुठलंच कुलूप बसेना. शेवटी ईश्वरअप्पांकडनंच सुंभाची दोरी घेतली आणि पेटी करकचून आवळली.

"रसीद लिहू का?" त्यांनी आदबीनं विचारलं.

मी तोंड उघडलं. छकड्यात बसलेल्या कस्तुराबाईनं नुसतं वळून बघितलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

दोरी मात्र चांगली निघाली हो. परत करायचा प्रश्नच आला नाही!